धामण पाळावी काय ?

कोठारांतील उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून धामण पकडून पेटींत ठेवावी, तिला दूध पाजावें आणि रात्रीं कोठारांत मोकळी सोडावी, अशी कल्पना आमच्या कित्येक शेतकरी बंधूंच्या मनांत येते. धामण शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे हें खरें; परंतु या योजनेंतील एकहि गोष्ट तिच्या स्वभावास धरून नाहीं.

धामण बिनविषारी असून दिवसां हिंडणारी आहे; रात्रीं ती बिळांत पडून राहते. सहासात फूट लांबीचें हें चपळ जनावर कोंडिलें म्हणजे तें जाळीवर नाक घासून तोंडास जखमा करून घेतें व पुष्कळदां अन्न टाकतें. दूध हें तर सापाचें अन्नच नव्हे. तहानेनें व्याकुळ झालेला साप तें नाइलाजानें प्याला, तरी त्यास तें मानवत नाहीं. धामण गाईच्या पायांस वेटोळें घालून दूध पिते, ही समजूतहि तशीच निराधार होय. तिचे आंत वळलेले तीक्ष्ण दांत सडास लागले असतां गाय स्वस्थ उभी राहील काय?

उंदीर, बेडूक, सरडे व पक्षी हें तिचें खाद्य. ती भक्ष्यास अजगराप्रमाणें विळखा घालीत नाहीं. जबड्यांत धरून, अंगाखालीं दाबून बहुधा जिवंतच गिळते. पुढें पचनास ऊब लागते. ती न मिळाल्यास गिळलेलें ओकून टाकते. तेव्हां पेटींतल्या धामणीकरितां उंदीर पकडण्याचें काम धन्याकडेच आलें ! शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तिला परवानगीवांचून पकडणें, बाळगणें अथवा मारणें हा अपराध आहे.

तीच धामण बांधावर असली म्हणजे उंदरांच्या बिळांत स्वतः शिरते आणि पिलेंहि खाऊन टाकते. याकरितां बांधावरील झुडपें व दगडांच्या ताली सरसकट जाळूं अगर उकरूं नयेत. नाग समजून ती पुष्कळदां मारली जाते. तिचे डोळे मोठे असतात, ओठांवर काळ्या रेघा असतात आणि ती फणा काढीत नाहीं. तथापि ओळखींत शंका असल्यास दूर राहावें व वनखात्यास कळवावें. फळबागेभोवतीं जमिनीलगत सैल पडलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत ती अडकून मरते. हंगाम संपतांच जाळें गुंडाळून ठेवावें.