रविवारची डागडुजी

आमच्या न्हाणीघराची फरशी खचली होती. पाणी मोरीकडे जायचे सोडून कोपऱ्यात साचायचे आणि तिथून भिंतीत झिरपायचे. गवंड्याला तीनदा निरोप धाडला. लगीनसराईचे आणि बांधकामांचे दिवस. तो काही येईना. तेव्हा एका शनिवारी रात्री जेवताना मी जाहीर केले, की उद्या हे काम मीच करणार. मी महाविद्यालयात शिकवतो. हाताला खडूची सवय, थापीची नाही. पण आमचे वडील गावाकडचे घर दरसाल स्वतः शाकारीत आणि त्यांच्या हाताखाली लहानपणी मी पुष्कळ कौले उचलून दिली होती. तेवढ्या भांडवलावर मी उभा राहिलो.

रविवारी सकाळी आठ वाजता पहार घातली. बारापर्यंत जुनी फरशी उखडून झाली. मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले. मग वाळू-सिमेंट आणायला निघालो, तर दुकान रविवारी दुपारी बंद. संध्याकाळी पाहुणे आले. सोमवारपासून कॉलेज, परीक्षेचे पेपर. म्हणजे काम गेले पुढच्या रविवारावर. त्या रविवारी काँक्रीट घातले. पण मग ते आठवडाभर भिजते ठेवायचे आणि वर पाय ठेवायचा नाही! एकूण पंधरा दिवस आमच्या घरात अंघोळीला जागा नव्हती. मुले परसात हौदाशी अंघोळ करीत. त्यांना ती चैनच वाटली. आई बहात्तर वर्षांची. ती रोज पहाटे हातात तांब्या आणि खांद्यावर पातळ टाकून शेजारच्या काकूंकडे जायची. एका शब्दाने कधी काही बोलली नाही. बाराव्या दिवशी काकूंच्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. महिनाभर ती लंगडत होती आणि लंगडत लंगडतच नव्या न्हाणीत येऊन म्हणाली, "अरे, फरशी छान झाली हं!"

माझा हिशेब कुठे चुकला, ते मी नंतर कागदावर मांडून पाहिले. मी फक्त रविवारचे तास मोजले होते. घराच्या प्रत्येक कामाला मात्र तीन भाग असतात. एक आधीची तयारी, दुसरे प्रत्यक्ष काम, आणि तिसरी त्याची शेपटी. मधला भाग करणाऱ्याच्या वाट्याला येतो आणि तोच सगळ्यांना दिसतो. शेपटी मात्र सोमवार ते शनिवार घरातली माणसे ओढीत असतात. तेव्हा काम निवडताना, 'हे मला जमेल का?' या प्रश्नाबरोबरच, 'याची शेपटी किती लांब आणि ती कोण ओढणार?' हेही विचारले पाहिजे.

सिमेंटचेच घ्या. पुष्कळांची समजूत अशी, की सिमेंट वाळून घट्ट होते. तसे नाही. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो आणि त्यातून ते दगडासारखे बनते. पाणी लवकर उडून गेले, तर तो संयोग अर्धवट राहतो, पृष्ठभाग भुसभुशीत होतो, तडे जातात. म्हणून निदान सात दिवस ते ओले ठेवावयाचे. पाणी घातल्यानंतर साधारण अर्ध्या तासात कालवलेला माल वापरून टाकावा. घट्ट झाला म्हणून पुन्हा पाणी ओतून मऊ करू नये. 'चहा घेऊन येतो' म्हणून उठायचे असेल, तर माल कालवण्यापूर्वी उठावे. दुसरे असे, की सिमेंट पोत्यात पडून राहिले तरी हवेतला ओलावा धरते आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा जोर कमी होऊ लागतो. गेल्या दिवाळीतले उरलेले पोते यंदाच्या मे महिन्यात काढून हौदाला गिलावा करणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे. त्यात गोळे झालेले दिसले, तर ते मुकाट्याने खड्डा बुजवायला वापरावे.

चुन्याचे नेमके उलट. त्याची शेपटी आखूड, पण आधीची तयारी लांब. कळीचा चुना शुक्रवारी रात्री विरवावा, शनिवारभर मुरू द्यावा, आणि रविवारी फडक्यातून गाळून हात द्यावा. किलोभर चुन्याला पाचेक लिटर पाणी, त्यात थोडा डिंक उकळून घातला म्हणजे भिंतीला पाठ टेकली तरी अंगाला पांढरे लागत नाही. चिमूटभर नीळ घातली, तर पांढरा रंग खुलतो. मात्र विरवताना जपावे. कळीच्या चुन्यात पाणी शिरले, की तो इतका तापतो की पाणी उकळू लागते. म्हणून लोखंडी पिंप घ्यावे, प्लॅस्टिकची बादली नको. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये, शिंतोडे उडतात. डोळ्यांवर चष्मा असावा आणि लहान मुले दूर असावीत. चुना डोळ्यात गेलाच, तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा.

शिक्षक बंधुभगिनींना येथे एक सुचवावेसे वाटते. भिंतीवरचा चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडक बनतो. भट्टीत जे घालवले, ते भिंतीवर परत मिळवतो. शाळेची भिंत रंगवायची असेल, तर विज्ञानाचा हा तास पुस्तकापेक्षा भिंतीपाशी अधिक चांगला होईल.

आता मातीच्या भिंतींविषयी. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात अजून पुष्कळ घरांच्या भिंती मातीच्या आहेत आणि त्यांना पक्के करावे म्हणून लोक वरून सिमेंटचा गिलावा चढवतात. चारचौघांत घर नवे दिसते, हे खरे. पण माती ओलावा घेते आणि उन्हाळ्यात सोडते, तशी ती किंचित फुगते आणि आकसते. सिमेंटला हे जमत नाही. जमिनीतून चढलेली ओल त्या कठीण पापुद्र्यामागे कोंडते, आतली माती मऊ होत जाते, आणि दोन-चार पावसाळ्यांनी गिलाव्याचा पत्राच्या पत्रा सुटून येतो. येताना तो भिंतीचा लचका घेऊन येतो. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा द्यावा. भुसा किंवा भाताचे काड बारीक करून चिखलात घालावे, पाणी शिंपडीत, तुडवीत काही दिवस मुरवावे, मग लावावे. हे काम घरच्या घरी होते. त्याला पैसा थोडा लागतो आणि धीर पुष्कळ.

पण पावसाच्या प्रदेशात पहिला मान छपराचाच. रंग, फळ्या, कडीकोयंडे यांना थांबता येते. पाणी थांबत नाही. आमच्याकडे बहुतेक घरांवर मंगळुरी कौले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात पहिला कारखाना काढला, तेव्हापासून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. जुन्या कौलांवर कधी कधी '१८६५' असा आकडा उठवलेला दिसतो. घरमालक तो मोठ्या अभिमानाने दाखवतात. पण ते कारखान्याचे साल आहे, कौलाचे जन्मसाल नव्हे! कारखान्याचे नाव मात्र जरूर वाचावे. प्रत्येकाच्या साच्याच्या खाचा थोड्या निराळ्या असतात आणि एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. आपल्या छपराला जुळणारी डझनभर कौले गोठ्याच्या कोपऱ्यात नेहमी रचून ठेवावीत.

गळकी जागा शोधायची युक्ती वडिलांनी शिकवली. भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात अंधार करावा आणि वर पाहावे. जिथे फट आहे तिथून कवडसा येतो. त्या कौलाखालच्या रिपेवर काठीला बांधलेल्या खडूने खूण करावी. पावसात थेंब पडतो, ती जागा बहुधा गळतीची नसते. पाणी वर कुठेतरी शिरते, वाशावरून हात-दोन हात घरंगळते आणि मग खाली टपकते. थेंबाखाली पातेले ठेवावे, पण दोष कवडशात शोधावा. हे खुणा करायचे काम आमची दहा वर्षांची मुलगी माझ्यापेक्षा चांगले करते.

कौल बदलताना वरच्या ओळीची कौले किंचित उचलावीत, फुटके खाली ओढून घ्यावे आणि नवे सरकवावे. कौलाच्या पाठीची खुंटी रिपेला नीट अडकली की नाही, ते हाताने चाचपून पाहावे. छपरावर थेट पाय देऊ नये, फळी टाकून वजन वाटावे. बारा फूट उंच टेकवायची शिडी भिंतीपासून तीन फूट लांब रोवावी, म्हणजे चौथा हिस्सा. तिला खाली एका माणसाने धरलेच पाहिजे, आणि धरणाऱ्याने त्या वेळी फोन पाहू नये. वरून विजेची तार गेली असेल, तर लोखंडी शिडी वापरू नये. भिंतीत पाणी झिरपून वायरी भिजल्या असतील, तर ते काम आपले नव्हेच. परवाना असलेल्या वायरमनची वाट पाहावी. आणि मे महिन्यात वळिवाचा भरवसा नाही, म्हणून चार वाजेपर्यंत झाकून होईल एवढेच पाखे उघडावे. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले लागतात. सगळी एकदम उतरवून ठेवली आणि ढग आले, की काय धांदल उडते, ते ज्याने भोगले आहे त्यालाच विचारावे.

गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत साधारण आठ ते अकरा रविवार मिळतात. त्यांतले दोन लग्नांत जातात, एक जत्रेत, एखादा तापात. उरलेल्यांतले सगळे आपण छपरावर काढायचे का? मला वाटते, नाही. रविवारची सुटी आपल्याला फुकट मिळालेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. १८९० च्या एप्रिलात त्यांनी भरवलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार आले आणि त्यात दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. शेतकऱ्याला रविवार नाही, हे मी जाणतो. पण अनेक गावांत अमावास्येला औत धरीत नाहीत. बैलालाही विसावा लागतो, हे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. म्हणून आमच्या घरी आता नियम आहे: डागडुजी दुपारी एकपर्यंत. त्यानंतर हत्यारे पुसून ठेवायची, आणि जागा ज्याने घाण केली त्यानेच झाडायची. हा दुसरा नियम माझ्या पत्नीचा. पूर्वी मी काम करीत असे आणि तिचा रविवार माझ्यामागून चुना-माती गोळा करण्यात जाई. तिच्या सुटीची सभा कुणी भरवली नव्हती.

न्हाणीघराच्या प्रकरणानंतर मी एक वही केली. घरातल्या प्रत्येकाने आपापले काम तीत लिहायचे आणि प्रत्येकाच्या समोर तयारी किती, शेपटी किती, ते मी लिहायचे. मुलाने झोपाळ्याची कडी लिहिली. मुलीने अभ्यासाच्या जागेवरचे दोन कवडसे. आईने 'काही नको' असे सांगितले, म्हणून तिच्या वतीने मुलीने न्हाणीच्या दाराशी धरायला दांडी लिहिली. पत्नी दोन दिवस काहीच लिहीना. विचारले, तर म्हणाली, "अहो, माझं फार जुनं आहे. तुम्हाला आठवायचं नाही."

स्वयंपाकघरात मिठा-मसाल्याच्या डब्यांची फळी आहे. ती माझ्या उंचीच्या मानाने ठोकलेली. तिला दर वेळी टाचा उंचवाव्या लागतात. घर घेतले त्या वर्षी तिने सांगितले होते, 'ही जरा खाली घ्या.' त्याला अकरा वर्षे झाली होती. तयारी: चार स्क्रू. शेपटी: काही नाही. त्या रविवारी मी तिला भिंतीपाशी उभे केले, हात सहज जातो तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि फळी एक वीत खाली घेतली. घड्याळात पाहिले, तर चाळीस मिनिटे झाली होती.