रिकामा पत्ता आणि निरनिराळीं यंत्रें

भामरागडच्या रानांतील एखाद्या पाड्यास धाडलेल्या पाकिटावर पत्ताच नसेल, तर टपालवाल्यानें काय करावें? एक जण तें परत करील. दुसरा पहिल्याच दारांत टाकून पुढें जाईल. वाचकहो, यांत धोक्याचा तो दुसरा होय. कारण चूक झाली हें कोणास कळतच नाहीं.

संगणकाच्या स्मृतींतील कोठ्यांस क्रमांक असतात, आणि असा क्रमांक जपून ठेवणाऱ्या चलास ‘पॉइंटर’ म्हणतात. ज्यांत कोणत्याच कोठीचा पत्ता नाहीं तो ‘नल पॉइंटर’. ही सोय टोनी होर या इंग्रज संशोधकानें १९६५ सालीं अल्गॉल डब्ल्यू भाषेंत घातली, व २००९ सालीं तिला स्वतःची अब्ज डॉलरांची चूक म्हटलें.

हा रिकामा पत्ता वाचावयास गेल्यास काय घडेल, याविषयीं सी भाषेचा नियम कांहींच बंधन घालीत नाहीं. म्हणून तें यंत्रागणिक बदलतें. व्हॅक्स यंत्रांवरील बर्कले युनिक्समध्यें शून्य क्रमांकाची कोठी वाचतां येत असे व तेथें शून्यच सांपडे. त्यामुळें सदोष प्रोग्रामही तेथें सुरळीत चालत, आणि सन कंपनीच्या यंत्रांवर नेतांच कोसळत. दोष अर्थात् सनच्या माथीं मारला जाई! हल्लींही मोबाइल असा प्रोग्राम तत्काळ थांबवितो. परंतु लहान उपकरणांतील कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपमध्यें बहुधा शून्य पत्त्यावर खरीच माहिती असते, व ती मुकाट्यानें वाचली जाते.

यास्तव यंत्राच्या शिस्तीवर न विसंबतां प्रोग्रामनेंच वापरापूर्वीं तपासणी करावी. मात्र रिकामें आढळल्यास शून्य धरून पुढें जाणें, हें त्या दुसऱ्या टपालवाल्याचेंच काम झालें. आमच्या गडचिरोलीच्या रानांत नेटवर्क मध्येंच तुटतें. दवाखान्यांत रुग्णाची नोंद अर्धवट पोंचली व वजनाचा रकाना शून्य मानला गेला, तर औषधाचें प्रमाण काय निघेल? बाहेरून आलेली अपुरी नोंद नाकारावी, पूर्वीची चांगली नोंद राखावी, व काम चालूं ठेवावें. प्रोग्रामचा आंतील हिशेबच चुकला असेल तर मात्र तेथेंच थांबून जागा नोंदवावी.

१२ जून २०२५ रोजीं गूगल क्लाउडमध्यें नेमकी ही तपासणी राहिली होती. एका नोंदींत कांहीं रकाने रिकामे गेले. ती नोंद कांहीं सेकंदांत जगभर पोंचली, आणि ठिकठिकाणचा तोच प्रोग्राम नल पॉइंटरवर पुनःपुन्हा कोसळूं लागला. अमेरिकेंतील एका मोठ्या केंद्रास सावरावयास सुमारें २ तास ४० मिनिटें लागलीं, कारण पुन्हा सुरू झालेले सारे प्रोग्राम एकदमच मूळ साठ्यावर तुटून पडले.