ट्रकचा ठोका: इंजिन खोलायच्या आधी काय ऐकायचं?

आज गप्पांच्या आधी एक आवाज ऐका. (इथे रेकॉर्डिंग वाजतं.) वाचणाऱ्यांसाठी सांगतो: डिझेल इंजिनाची नेहमीची घरघर आहे आणि तिच्यातून ठक, ठक, ठक. आत बसून कोणीतरी हातोडी मारतंय असं वाटतं.

हा माझ्या मामांचा ट्रक. चार सिलिंडरचं इंजिन, वय वीसच्या पुढे, लासलगावच्या बाजारात कांदा नेतो. मामांनी मला ही क्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवली तोवर मिस्त्रीचा निकाल लागला होता. "नाना, बेअरिंग गेलंय. इंजिन बांधावं लागणार." म्हणजे लाखभर रुपये, आणि ऐन हंगामात गाडी पंधरा दिवस उभी. घरचं सगळं त्या गाडीवर चालतं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बग सापडायच्या आधी कोणी सगळा कोड नव्याने लिहायला घेतला तर आम्ही त्याचा हात धरतो. मी मामांना म्हटलं, "शनिवारी येतो. तोवर गाडी चालवू नका, आणि खोलूही देऊ नका."

चालवू नका हे महत्त्वाचं, बरं का. पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, ज्या बेअरिंगवर फिरतो ते खरंच झिजलं असेल, तर प्रत्येक फेरीला रॉड क्रँकवर आपटतो. तसंच दामटत राहिलात तर एक दिवस रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. मग इंजिन बांधायलासुद्धा काही उरत नाही.

शनिवारी पहिला प्रश्न होता: आवाज इंजिनाचा की गिअरबॉक्सचा? हे बघायला पानासुद्धा लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा. क्लच दाबला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनापासून सुटतो. आवाज तिथेच थांबला तर संशय गिअरबॉक्सवर. उलट दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. आणि उभ्या गाडीत शांत, पण धावताना वेगाबरोबर वाढत जाणारा आवाज असेल तर मागे बघा: प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, डिफरन्शियल. आमच्याकडे क्लच दाबून काहीच फरक पडला नाही. म्हणजे इंजिनच.

दुसरा प्रश्न, कधी वाजतं? इंजिन थंड असताना जोरात आणि तापल्यावर कमी, असं असेल तर बहुतेक पिस्टन सैल होऊन लायनरवर आपटतोय. रॉडच्या बेअरिंगचं उलटं. तापल्यावर ऑइल पातळ होतं, दाब उतरतो आणि ठोका वाढतो. मामांच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा काटा कित्येक वर्षं मेलेला, म्हणून मिस्त्रीने बाहेरून गेज लावला. इंजिन चांगलं तापवलं. दाब टिकून होता. मग ऑइल काढलं, फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. चकाकणारे कण नाहीत. (इथे लोक चुंबक फिरवतात आणि काही चिकटलं नाही म्हणून खूश होतात. बेअरिंगचा थर तांबं, शिसं, कथील, अॅल्युमिनियम अशा धातूंचा असतो, तो चुंबकाला चिकटतच नाही. डोळ्यांनीच बघायचं.)

आता मिस्त्रीलाही शंका यायला लागली.

मला वाटलं होतं की मोबाईलवर आवाजाचा आलेख काढून उत्तर मिळेल. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्या फिरत असेल तर क्रँक सेकंदाला साधारण १२ फेऱ्या मारतो, आणि एका सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणजे सेकंदाला सहा वेळा. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात पंखा, टॅपेट, पत्र्याची थरथर असं सगळं आलेखात घुसलं आणि मला काही कळलं नाही. मिस्त्री शांतपणे १७ नंबरचा पाना घेऊन आला.

त्याने केलं ते असं. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपाचा नट फडकं गुंडाळून थोडा ढिला करायचा. डिझेल बाहेर झिरपतं, त्या सिलिंडरला मिळत नाही, तो पेटायचा थांबतो. पहिला, दुसरा: इंजिन अडखळलं, ठोका तसाच. तिसऱ्याचा नट ढिला केला आणि ठोका गायब!

इथे दोन गोष्टी नीट ऐका. हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर, आणि जाणकाराच्याच हातून. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, तिथे नटाला हातच लावायचा नाही. आणि कुठल्याही इंजिनात डिझेलच्या बारीक फवाऱ्यासमोर बोट आलं तर तो कातडीतून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.

तर तिसरा सिलिंडर सापडला. मामा म्हणाले, "मग खोला तिसरा." पण थांबा. बेअरिंग झिजलेलं असलं तरी त्या सिलिंडरचा स्फोट बंद केल्यावर ठोका कमी होतोच. खराब इंजेक्टरही तसाच वागतो: डिझेलची नीट फवारणी न होता थेंब पडतात, ते एकदम पेटतात आणि लोखंडावर घाव घातल्यासारखं वाजतं. मिस्त्रीची चूक म्हणता येणार नाही, कानाला दोन्ही जवळजवळ सारखंच लागतं.

म्हणून इंजिन बंद करून तिसरा इंजेक्टर पहिल्या जागी आणि पहिला तिसऱ्या जागी टाकला, तांब्याचे वॉशर नवे घातले. ठोका तिसऱ्यातच राहिला असता तर बेअरिंग किंवा पिस्टनची पिन, आणि लाखभर रुपये. तो इंजेक्टरबरोबर गेला तर सुटलो. मामा चहाचा ग्लास तसाच हातात धरून उभे होते.

स्टार्टर मारला. ठोका आहेच. तिसऱ्याचा नट ढिला केला, वाजतोच आहे. पहिल्याचा केला.

बंद!

पंपवाल्याकडे चारही इंजेक्टर टेस्टिंगला नेले. चांगला नोझल धुक्यासारखा फवारा मारून झटकन थांबतो. आमचा थेंब थेंब गळत होता, आणि चौथाही त्याच वाटेवर होता. दोन नोझल बदलले. ऑइल, फिल्टर, मजुरी धरून बिल दहा हजारांच्या आत. मंगळवारी गाडी बाजारात.

अजूनही पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागून एकदाच 'टण्' असं येतं. तो प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आहे, मिस्त्रीने हाताने हलवून दाखवला. कांदा आटोपला की बदलायचा ठरलंय.