अंगाला औषधाची ‘सवय’ होत नाही, मग अँटिबायोटिक लागू का पडत नाही?

आईला लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा बिबवेवाडीतल्या आमच्या घरात सगळ्यात आधी औषधांचा ड्रॉवर उघडला गेला. मागच्या वेळच्या पाकिटात अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या. आईने दोन दिवस त्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला.

डॉक्टरांनी युरिन कल्चर करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये ‘ई. कोलाय’ या जिवाणूचं नाव आणि खाली अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी होती. काही औषधांपुढे ‘एस’ होतं, म्हणजे औषध चालेल. बऱ्याच औषधांपुढे ‘आर’ होतं, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालणार नाही. ड्रॉवरमधल्या गोळीपुढेही ‘आर’च होतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “सारख्या गोळ्या घेऊन अंगाला सवय झाली असेल गं.”

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पण बदलतं ते आपलं अंग नाही, तर आतले जिवाणू बदलतात. कसे, ते समजून घेऊया.

एकाचे दोन कसे होतात?

जिवाणूची सगळी माहिती त्याच्या डीएनएमध्ये असते. पीळ दिलेल्या शिडीसारखा हा रेणू. शिडीची प्रत्येक पायरी दोन अक्षरांची असते. ‘ए’समोर नेहमी ‘टी’ आणि ‘जी’समोर नेहमी ‘सी’. त्यामुळे शिडी मधोमध उघडली, तरी एका बाजूवरून दुसरी बाजू पुन्हा तयार करता येते. एक एन्झाइम चेन उघडावी तशी शिडी उघडतं आणि डीएनए पॉलिमरेज नावाचं दुसरं एन्झाइम समोरची अक्षरं बसवत जातं.

ई. कोलायच्या डीएनएमध्ये अशा सुमारे ४६ लाख जोड्या असतात. सेकंदाला साधारण हजार अक्षरं या वेगाने, एकाच वेळी दोन्ही दिशांनी कॉपी होत जाते. तरी पूर्ण कॉपीला ४० मिनिटांच्या आसपास लागतात. पण भरपूर अन्न आणि योग्य तापमान मिळालं, तर हा जिवाणू २० मिनिटांत एकाचे दोन होतो!

हे जमतं कसं? पहिली कॉपी पूर्ण व्हायच्या आतच तो पुढची सुरू करतो. पहिली पंगत उठायच्या आधीच दुसऱ्या पंगतीची पानं मांडायला घ्यावीत, तसं. या वेगाने आठ तासांत एकाचे १ कोटी ६७ लाखांहून जास्त होऊ शकतात. आपल्या शरीरात वेग याहून कमी असतो, पण संख्या प्रचंडच असते.

कॉपी करताना पॉलिमरेज स्वतःच्या चुका तपासतं. तरी एखादी चूक राहून जाते. कोट्यवधी जिवाणूंमध्ये अशा एखाद्या चुकीमुळे कुणीतरी औषधापासून वाचतो आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांना ते संरक्षण वारशाने मिळतं.

इथपर्यंतची गोष्ट आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या वारशासारखीच आहे. खरी अडचण पुढे आहे.

वारसा नाही, थेट फॉरवर्ड

जिवाणू शेजाऱ्याकडूनही जीन घेऊ शकतात. त्याचे तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे मेलेल्या जिवाणूचा सांडलेला डीएनए उचलणं. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात याची चुणूक पाहिली. निरुपद्रवी जिवाणू मेलेल्या घातक जिवाणूंबरोबर मिसळल्यावर स्वतःच घातक झाले होते.

दुसरा मार्ग विषाणूंचा. जिवाणूंना लागण करणारे विषाणू कधीकधी चुकून एकाचा डीएनए दुसऱ्यात नेऊन सोडतात.

तिसरा मार्ग आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. अनेक जिवाणूंमध्ये मुख्य डीएनएशिवाय प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं असतं. दोन जिवाणू एकमेकांना जोडले जातात आणि प्लाझ्मिडचा एक धागा पलीकडे जातो. मग दोन्हीकडे उरलेला धागा नव्याने तयार होतो. म्हणजे देणाऱ्याकडचं काहीच कमी होत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज फॉरवर्ड केला, तरी तो आपल्या फोनमध्ये राहतोच ना, तसंच.

फॉरवर्ड घेणारा त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे जिवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले. तिथल्या संशोधकांनी दाखवलं की हा प्रतिकार ई. कोलायकडून हगवणीच्या शिगेला जिवाणूकडे जाऊ शकतो. एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धचे जीन असू शकतात. सगळं पॅकेज एकदम मिळतं.

मुंबईचं हॉस्पिटल, पुण्याची मुठा

असाच एक जीन म्हणजे एनडीएम-१. गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटातल्या औषधांनाही तो निकामी करतो. त्याच्या नावात ‘नवी दिल्ली’ असल्यामुळे २०१० मध्ये मोठा वाद झाला. पण त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनीही याबद्दल लिहिलं होतं. त्यांनी तपासलेल्या २४ कार्बापेनेम-रेझिस्टंट नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ सापडला होता.

आणि पुण्यात? २०१७ मध्ये मुठा नदीच्या गाळाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांना त्यात एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे १७५ प्रकारचे रेझिस्टन्स जीन सापडले. एनडीएमही त्यात होता. शहराच्या वरच्या भागातल्या गाळाशी तुलना केली, तर शहरातल्या गाळात अशा जीन्सचं प्रमाण ३० पट होतं. प्रक्रिया न झालेलं आणि अर्धवट प्रक्रिया झालेलं सांडपाणी हे त्यामागचं कारण.

या अभ्यासावरून नदीमुळे किती जण आजारी पडले हे कळत नाही. पण लाखो घरांतले आणि हॉस्पिटलांमधले जिवाणू जिथे एकत्र येतात, तिथे जीन फॉरवर्ड व्हायला संधी भरपूर. आणि नदी-ओढे आपल्यापासून दूर नाहीत. कात्रजकडून येऊन मुठेला मिळणारा आंबिल ओढा आमच्या बिबवेवाडीपासून जवळच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याचं पाणी सहकारनगर-पद्मावती भागातल्या घरांत शिरलं होतं.

सर्दीला अँटिबायोटिक घेतलं तर काय होतं?

सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, त्यामुळे तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. पण पोटातल्या जिवाणूंवर होतो. साधे जिवाणू मरतात, प्लाझ्मिड बाळगणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. ते स्वतः कदाचित त्रास देत नाहीत, पण उद्या एखाद्या रोगकारक जिवाणूला तेच प्लाझ्मिड देऊ शकतात.

म्हणजे गोळी आपण एकट्याने खातो, पण तिचा परिणाम घरातल्यांपर्यंत आणि शहरापर्यंत पोहोचतो.

मग आपण काय करायचं?

• पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. केंद्र सरकारने २०१६ मध्ये या रेघेबद्दल मोहीमच सुरू केली होती.
• उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, कुणाला देऊही नका.
• डोस आणि दिवस डॉक्टर सांगतील तेवढेच. स्वतःहून कमी नाही, जास्तही नाही.
• डॉक्टरांनी कल्चर सांगितलं, तर टाळू नका. जुने रिपोर्ट सोबत न्या.
• हात धुणं आणि वेळेवर लस घेणं सोडू नका. संसर्गच टळला, तर अँटिबायोटिकची गरजच पडत नाही.
• सांडपाणी प्रक्रियेचा प्रश्न फक्त नदीच्या सौंदर्याचा नाही, आरोग्याचा आहे. मतं मागायला येणाऱ्यांना तो जरूर विचारा.

आई आता बरी आहे. रिपोर्टमध्ये ज्यापुढे ‘एस’ होतं, त्यातलंच एक औषध इंजेक्शनमधून द्यावं लागलं. शेजारच्या काकूंना मी तो रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, “म्हणजे माझ्या ड्रॉवरमधल्या गोळ्यांचं काय करू?”

तुमच्या ड्रॉवरमध्ये काय आहे, तेही एकदा बघा.