शिकवणी लावण्यापूर्वीची चौकशी

बेडसे येथील लेण्यांना कार्ल्याइतकी प्रसिद्धी लाभलेली नाही. कामशेत स्थानकावर उतरून पवना धरणाच्या रस्त्याने यावे, सुमारे ४०० पायऱ्या चढाव्यात, तेव्हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील ते चैत्यगृह भेटते; आणि तेही लगेच दिसत नाही. कोरणाऱ्यांनी समोरचा प्रचंड खडक तसाच राखला आहे. एका अरुंद बोळातून आत शिरल्याखेरीज व्हरांड्यातील उंच स्तंभ नजरेस पडत नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत काय चालले आहे, याचा काहीच पत्ता लागत नाही.

पावसाळा सरता सरता आम्ही सहकुटुंब तेथे गेलो, तेव्हा गिर्यारोहण शिकवणाऱ्या एका मंडळाची दहा-बारा वर्षांची मुले आली होती. प्रथम एक शिक्षिका बोळातून आत गेल्या. त्यांचा आवाज आल्यावर बाहेरच्या शिक्षकांनी एकेका मुलाला मोजून आत सोडले. परत येतानाही तीच मोजणी झाली. एका मुलाचा बूट आत राहिला, तर शिक्षक एकटे त्याला घेऊन गेले नाहीत. दुसऱ्या मुलाला सोबत घेतले. हे सारे इतक्या सहजतेने चालले होते की सवयच असावी.

पायरीवर बसून हे पाहताना मला थोडी लाज वाटली. माझा मुलगा दोन वर्षे एका सदनिकेच्या मागच्या खोलीत बुद्धिबळ शिकायला जात असे. मी काय विचारले होते? फी किती, वेळ कोणती आणि किती मुलांना बक्षिसे मिळाली. सुदैवाने गुरुजी सज्जन निघाले. पण त्यात माझ्या चौकशीचा काही वाटा नव्हता.

आपण व्यापारी माणसे. नव्या गिऱ्हाइकाला पन्नास हजारांचा माल उधारीवर द्यायचा, तर बाजारात तिघांना फोन करतो. मागची देणी वेळेवर दिली का, कोणाशी वाद झाला का, पूर्वी कोठे दुकान होते आणि ते का सोडले, सारे विचारतो. ज्याच्या स्वाधीन रोज दोन तास आपले मूल करतो, त्याच्याबद्दल मात्र ‘अमक्याचा मुलगा जातो’ एवढे पुरते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवर्गातील दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता आणि त्याच महिन्यात कामावर लागला होता. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखली, मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्यानंतर शासनाने शाळांसाठी सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांविषयी कडक आदेश काढले. पण आपल्या गल्लीतील दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीत शिक्षणखात्याचा कोण अधिकारी येणार? तेथे पाहणारे डोळे पालकांचेच.

पालकांच्या हाती काहीच नाही, असे मात्र नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा, म्हणजे पॉक्सो, २०१२ चा आहे. त्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची असते. त्यात शाळा आणि पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचाही स्पष्ट उल्लेख आहे; कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा झाडणारा. म्हणून पोहण्याच्या क्लबात वा क्रिकेटच्या अकादमीत ‘पडताळणीचा कागद दाखवता का?’ असे विचारणे हा संशय नव्हे. प्रामाणिक चालक तो कागद काढून ठेवतो. जो रागावतो, त्याची पत तेथेच कळते.

कागदाहून अधिक सांगते ती जागा. एखाद्या दिवशी न कळवता, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी जावे. दार उघडे आहे की आतून कडी आहे? पालकांनी बसलेले चालते का? शेवटचे मूल न्यायला उशीर झाला, तर त्याच्याजवळ कोण थांबते? कपडे बदलण्याची खोली कोणाच्या देखरेखीखाली आहे? शिक्षक मुलाला परस्पर, रात्री-अपरात्री मोबाईलवर निरोप पाठवतात का, की सारे पालकांच्या गटावर येते? एकाच मुलाला वेगळी भेटवस्तू, ‘हे घरी सांगू नकोस’ असा लाडका करार, एकट्यासाठी मोफत जादा तास, यांतले काही दिसले तर फीचा हिशेब बाजूला ठेवावा. वर्षाची फी आगाऊ भरली म्हणून मूल पाठवत राहणारे पालक मी पाहिले आहेत. बुडीत खात्यात आणखी माल कोणी टाकत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मोठ्या कोचिंग केंद्रांनी मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी परत करावी, असे म्हटले आहे.

बेडशाच्या पायथ्याशी त्या मुलांना वडापाव वाटला गेला. एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, मी बटाटा खात नाही.” शिक्षक म्हणाले, “बरं, मग तुझ्यासाठी केळी आहेत,” आणि पुढे सरकले. ना थट्टा, ना ‘एका दिवसाने काय होतंय’चा आग्रह. आपल्या घरांतील मुलांना कंदमुळाला, रात्रीच्या खाण्याला नाही म्हणायचा सराव असतो. त्या ‘नाही’चा मान शिक्षक कसा राखतो, हे मुलाला घरी आल्यावर अवश्य विचारावे. जेवणातला नकार जो हसण्यावारी नेतो, तो अंगाला हात लावू नका हे म्हणणे ऐकेल, असे धरून चालू नये. आणि घरातही, पाहुण्यांच्या मांडीवर बसायचे नसेल तर मुलाला बसवू नये.

हीच चौकशी आपल्या पाठशाळेची, सुट्टीतल्या संस्कार शिबिराची आणि वसतिगृहाचीही करावी. येथे मन कचरते. ‘आपलाच माणूस’ म्हणून आपण प्रश्न गिळतो. पण पॉक्सोच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. शैक्षणिक वा धार्मिक संस्थेतील व्यक्तीने केलेला अत्याचार कायद्याने अधिक गंभीर मानला आहे, हेही विश्वस्त मंडळींनी ध्यानात घ्यावे.

मूल काही सांगू लागले, तर त्याला मध्येच तोडू नये, ‘तू तिथे गेलास कशाला?’ असे विचारू नये. ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे, आणि संस्थाचालकाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रकरण पंचांपुढे मिटवण्याचा मार्ग कायद्याला मान्य नाही. अब्रूच्या, उद्याच्या सोयरिकीच्या भीतीने कुटुंबे गप्प बसतात. परंतु मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, जबाब घरी नोंदवता येतो, तो घेणारा अधिकारी गणवेशात नसतो आणि शक्यतो महिला असते. १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालू असतो. दुकानाच्या गल्ल्याशेजारी बँकेचे आणि वाहतुकीचे क्रमांक लिहिलेले असतात, त्यांच्या वर तो लिहून ठेवला आहे; मुलालाही पाठ करून घेतला.