बुडीत खात्यातला वारसा

बँकेच्या भाषेत ‘बुडीत’ म्हणजे वसूल न होणारं कर्ज, आणि पाटबंधारे खात्याच्या भाषेत धरणाच्या पाण्याखाली जाणारी जमीन. पहिल्या अर्थानं हा शब्द मी नोकरीभर वापरला. दुसऱ्याकडं लक्ष गेलं ते नागार्जुनकोंड्याविषयी वाचताना, आणि दोहोंत फारसं अंतर नाही असं वाटलं. दोन्हीकडं निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. मागाहून येणाऱ्यानं हाती काय लागतं तेवढं पाहायचं.

आपल्या महाबळेश्वरची कृष्णा आंध्रात ज्या दरीतून जाते, तिथं तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकू राजांची राजधानी होती, विजयपुरी. स्तूप, तीसहून अधिक बौद्ध वास्तू, देवळं, नदीचा घाट आणि चहूबाजूंनी पायऱ्या असलेलं, आपल्याकडं दुर्मीळ असं प्रेक्षागार. १९२६ साली ही जागा उजेडात आली. पुढं धरणाचं ठरलं आणि १९५४ मध्ये आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक दरीत उतरलं. पंडित नेहरूंनी १० डिसेंबर १९५५ रोजी धरणाची कोनशिला बसवली. खणणारे १९६० पर्यंत खणत राहिले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतची शंभरावर स्थळं त्यांनी धुंडाळली.

पुरातत्त्वात एक संकेत आहे, सगळं खणू नये. उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून काही भाग पुढच्या पिढीसाठी, तिच्या अधिक चांगल्या साधनांसाठी राखून ठेवायचा. बुडीत क्षेत्रात ही चैन परवडत नाही. घाईनं खणलं तर पुरावा आपल्याच हातून नासतो, सावकाश खणलं तर पाणी नेतं. त्यात निवडही करायची. नागार्जुनकोंड्याच्या नऊ वास्तू टेकडीवर नेऊन पुन्हा उभारल्या, चौदांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. टेकडीचं बेट झालं, तिथं १९६६ साली संग्रहालय उघडलं. प्रेक्षागार अनुपूला काठावर आणून मांडलं. हे काम थोर आहे, यात शंका नाही. पण दगड उचलता येतो, त्याला क्रमांक घालता येतो. सामान्य माणसाच्या घराची जमीन, चुलीतली राख, सांडपाण्याचा चर कसा उचलणार? वाचवण्याजोगं काय, हे पुष्कळदा वाहून नेण्याजोगं काय यावरच ठरतं.

त्याच सुमारास नाईलवर आस्वानचं धरण होत होतं. ब्रजबासी लाल यांचं भारतीय पथक १९६१-६२ मध्ये तिथं, आफियेला, खणायला गेलं होतं. अबू सिंबेलची देवळं १९६४ ते ६८ या काळात कापून वर नेली, ते जगाला ठाऊक आहे. बुहेनचा किल्ला कच्च्या विटांचा. तो पाण्यात गेला. आणि नुबियातली हजारो माणसं घरंदारं सोडून गेली. कृष्णेच्या दरीतही गावं होतीच.

मग पुरातत्त्वज्ञानं नकार द्यावा काय? दिला तर होतं तेही जाईल. होकार दिला तर ‘वारशाची व्यवस्था झाली’ असा शेरा फायलीवर मारायला प्रकल्पवाल्यांना त्याचीच सही मिळते. धरण नको होतं असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. त्या पाण्यावर नलगोंडा-गुंटूरकडं भात पिकतो. पण कर्ज मंजूर करण्याआधी अधिकारी जागा पाहून येतो, तसा खणणारा माणूस मंजुरीच्या आधी जायला हवा, नंतर नव्हे. त्याच्या अहवालामुळं भिंत चार मैल इकडं-तिकडं सरकण्याची निदान शक्यता तरी असावी. खणण्याच्या पैशांत लिहिण्याचेही पैसे धरलेले असावेत. नागार्जुनकोंड्याच्या अहवालाचा पहिला खंड १९७५ साली निघाला, दुसरा २००६ साली. उत्खनन थांबून तेव्हा सेहेचाळीस वर्षं झाली होती. (आमच्या शाखेचा ताळेबंद सेहेचाळीस दिवस लांबला असता तरी विभागीय कार्यालयातून माणूस येऊन बसला असता.)

केंद्राच्या यादीत सुमारे ३,७०० संरक्षित स्मारकं आहेत. २०१० च्या दुरुस्तीनं त्यांच्याभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आली. यादीत नसलेल्या जागेला यातलं काही लागू नाही. आपल्या कितीतरी गावांबाहेर पांढरीचं टेकाड असतं. त्यावर निळी पाटी नसते, आणि तिथली माती ट्रॉलीत भरताना खापरं निघाली तर ती बाजूला काढायलाही कुणी थांबत नाही.