ससे वाढविण्यापूर्वी हिशेब मांडा

ससा थोड्या जागेत राहतो, गवत-पाल्यावर वाढतो आणि लवकर वितो, असे ऐकून आपल्याकडील पुष्कळ शेतकरी नर-मादीची जोडी घरी आणतात. ऐकलेले खोटे नाही. पण लवकर विणे हा जसा फायदा आहे, तशीच ती अडचणही आहे. म्हणून मादी भरविण्यापूर्वी खालील गोष्टींचा विचार करावा, असे आम्ही सुचवितो.

पिल्ले कोठे जाणार? मादी ३० ते ३२ दिवसांत विते. एका वेतात साधारणपणे ६ ते ८ पिल्ले होतात. वर्षात ५ वेते घेतली व प्रत्येक वेताची ६ पिल्ले जगली, तर एका मादीची ३० आणि ५ माद्यांची १५० पिल्ले झाली. तीन महिन्यांच्या सुमारास नर-माद्या वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर नर भांडतात आणि भावंडेच एकमेकांत फळतात. तेव्हा पिंजरे, चारा व गिऱ्हाईक आधी ठरवावे. ‘पिल्ले आम्हीच परत घेऊ’ असे सांगून महागड्या जोड्या विकणाऱ्यांच्या शब्दावर कर्ज काढू नये. मांसासाठी विक्रीचे नियम सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावेत.

मादी तयार आहे काय? न्यूझीलंड व्हाईटसारख्या जातीची मादी ५ ते ६ महिन्यांची झाल्याशिवाय भरवू नये. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे, नराला तिच्याकडे नेऊ नये. ती आपली जागा राखते व चावते. सख्खी भावंडे किंवा बाप-लेक यांची जोडी लावू नये. नर दुसरीकडून आणावा.

ऊन सोसेल काय? सशाला थंडीपेक्षा उष्णता घातक. एप्रिल-मेच्या कडक उन्हात ससे दगावतात, आणि जगलेल्या नरांची फळविण्याची शक्ती पुढे महिना-दीड महिना कमी राहते. पत्र्याखाली पिंजरे ठेवू नयेत. झाडाची सावली, वर गवताचे छप्पर व अंगाला वारा मिळाला पाहिजे. भर उन्हाळ्यात वेत घेऊच नये.

विण्याची सोय आहे काय? भरविल्यापासून २८ व्या दिवशी पिंजऱ्यात वाळलेले गवत घातलेली लाकडी पेटी ठेवावी. मादी आपले केस उपटून त्यात मऊ घरटे करते. पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात; दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. आई दिवसातून एक-दोनदाच पाजते, म्हणून तिने टाकली असे समजून पिल्ले हाताळत बसू नये. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. मांजर, मुंगूस व साप यांपासून जाळी पक्की हवी.

आजारांचे काय? ओल्या, घाणेरड्या पिंजऱ्यात पिल्लांना हगवण लागते व ती पटापट मरतात. पावसाळ्यात जमीन कोरडी ठेवावी व भिजलेला पाला सुकवूनच द्यावा. कानात खपल्या धरल्या तर ती खरूज समजून डॉक्टरांना दाखवावे. सशाचा गजकर्ण माणसालाही लागतो. मुलांनी ससे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

रानातून ससे धरून आणू नयेत. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि पाळीव सशाशी त्याचा संकरही होत नाही.

आमचे सांगणे एवढेच: आधी एक नर व दोन माद्या आणून वर्षभर सांभाळाव्यात. चारा पुरला, पिल्ले विकली गेली आणि उन्हाळा पार पडला, तरच संख्या वाढवावी.